छत्तिसावा मार्क

विद्यार्थ्याला जास्त मार्क मिळाले की ज्यांचा चेहरा पडायचा, असे एकच शिक्षक मी आयुष्यात पाहिले. एखादा पोरगा मार्कलिस्ट नाचवत आला आणि "सर, बावन्न पडले!" म्हणाला, की ते चष्मा कपाळावर चढवायचे, कागद लांब धरायचे आणि शेजारी चोरी झाल्यासारखे हळहळायचे. "अरेरे! सतरा मार्क फुकट गेले की हो तुमचे. तेवढ्या वेळात छान झोप झाली असती."

त्यांचं खरं आडनाव भाईंदरमध्ये फार थोड्यांना माहीत असेल. अख्खी पूर्व बाजू त्यांना पस्तीस सर म्हणायची आणि तेही त्या हाकेला ओ द्यायचे. किडकिडीत अंगकाठी, एक दिवसाआड केलेली दाढी, वरचं बटण कायमचं गेलेला शर्ट. राहायचे पेणकरपाड्याला एका खोलीत, एकटेच. बी.ए.-बी.कॉम.ला गटांगळ्या खाणारी माणसं त्यांच्याकडे यायची आणि बहुतेक सगळी तरून बाहेर पडायची.

क्लास होता स्टीलची भांडी पॉलिश करणाऱ्या गाळ्यांच्या रांगेत. डावीकडे ताटं, उजवीकडे पातेली आणि मध्ये आम्ही. पॉलिशचं मशीन सुरू झालं की कानाशी ओरडणारं माणूसही ऐकू येत नसे. सरांना त्याचं काही नव्हतं. ते बोलता बोलता थांबायचे, मशीन थांबलं की वाक्य जिथे सोडलं तिथून उचलायचे. "लोकशाहीचा पाया म्हणजे", आणि मग दहा मिनिटं ताटं घासली जायची, आम्ही खडूकडे बघत बसायचो, मग शांतता झाल्यावर, "नुसत्या निवडणुका नव्हेत." फक्त शुक्रवारी गाळ्यांना सुट्टी असायची. त्या दिवशी सरांचा आवाज सलग ऐकू यायचा आणि दर वेळी आम्हाला नव्यानं कळायचं की तो आवाज चांगला आहे.

मी तेव्हा नवी नवरी नव्हते, पण जुनीही झाले नव्हते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. गिरगावातली खोली सोडून सासरची मंडळी भाईंदरला आली, त्यांच्याबरोबर मीही आले. लग्न ठरलं तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. लग्नाची खरेदी आणि परीक्षा एकाच महिन्यात आली, आणि राज्यशास्त्राच्या एका पेपरात मी आपटले. बाकीचे सगळे विषय सुटले, हा एक मानगुटीवर बसला. लग्नानंतर पुन्हा बसले, पुन्हा आपटले. तिकडे ह्यांच्या कंपनीत टाळेबंदीची कुजबुज सुरू झालेली. अशात खबर आली की बँकेत कारकुनांच्या जागा निघणार आहेत. अट एकच, उमेदवार पदवीधर हवा. आणि वयाची मर्यादा अशी, की पुढच्या वर्षी मी तिच्या बाहेर गेले असते. म्हणजे झालं तर ह्या ऑक्टोबरला, नाहीतर जन्मभर मी आपली 'बी.ए.पर्यंत शिकलेली'. ह्या 'पर्यंत'चा मला इतका राग होता की काय सांगू!

पहिल्या दिवशी सरांनी मला विचारलं, "मिसेस साळवी, तुम्हाला बी.ए. व्हायचंय की हुशार व्हायचंय?"

मी आपली ऐटीत म्हटलं, "दोन्ही."

"मग उद्यापासून येऊ नका. इथे एकच मिळतं."

मी मुकाट्यानं "बी.ए." म्हटलं आणि बाकावर बसले. मग त्यांनी विद्यापीठाला काय हवं असतं ते सांगितलं. टर्म भरायच्या, फॉर्म वेळेत द्यायचा आणि प्रत्येक पेपरात शंभरात पस्तीस पाडायचे. "संपलं! पदवीला एवढंच लागतं. उमेदवार घाबरलेला असावा, असं नियमात कुठेही म्हटलेलं नाही. मागितलंय तेवढं द्यावं आणि घरी जावं. छत्तिसावा मार्क म्हणजे विद्यापीठाला केलेला आहेर. पत्रिकेत चांगलं छापलेलं असतं, कृपया आहेर आणू नये. तरी तुम्ही लोक पाकीट घेऊन जाताच!"

आता ह्यावरून तिथे मजाच मजा होती असं कुणाला वाटलं तर तो फसला. पस्तीससाठी सर पंचावन्नची तयारी रगडून करून घ्यायचे. "पाच मार्क तुमच्या अक्षरात जातात, पाच विसरण्यात, आणि दहा जातात परीक्षक सकाळी बायकोशी भांडून आलेला असतो म्हणून. राहिले पस्तीस." हा हिशोब इतक्या गंभीरपणे सांगायचे की मला त्या अनोळखी परीक्षकाच्या बायकोची काळजी वाटायला लागली होती.

त्यांचं खरं कसब मात्र ऑप्शनला टाकण्यात. पेपरात येतात तेवढे सगळे प्रश्न लिहायचे नसतात, काही सोडायची मुभा असते. तेव्हा कोणता धडा मुळात उघडायचाच नाही, हे आधी ठरवायचं. कुठला धडा टाकला तर अंगाशी येणार नाही, हे सर बरोबर हेरायचे. आमच्या वर्षी त्यांनी 'सार्वभौमत्व' हे प्रकरण ऑप्शनला टाकलं. नाव घेतानाच जिभेला मुरड पडायची, त्यामुळे वर्गात आनंदीआनंद झाला. मोरव्याचा हरेश्वर, घरची शेती सांभाळून शिकणारा मोठा बाप्या, त्यानं तर बाकावर थाप मारली. "बेस झाला, सर! या सगला माझे डोक्यान बसनार न्हाय." हरेश्वरचं लग्न अडलं होतं. मुलीकडच्यांना पदवीधर जावई हवा होता.

सरांनी स्वतःच्या आयुष्यातही बरंच काही ऑप्शनला टाकलेलं होतं. शर्टाचं बटण ऑप्शनला, रात्रीचा स्वयंपाक ऑप्शनला, नातेवाइकांची लग्नकार्यं ऑप्शनला. स्वतःच्या लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणायचे, "तो प्रश्न कंपल्सरी नव्हता." शेजारच्या भांडीवाल्याचा मुलगा जिग्नेश आमच्याच क्लासला होता. तो एकदा म्हणाला, "सर, तुम्ही इतकं छान शिकवता, तो कॉलेजमध्ये का नाय शिकवत?" सर फळा पुसत राहिले आणि तेवढ्यात पातेल्यांचं मशीन सुरू झालं, म्हणून उत्तर राहिलं ते राहिलंच.

एक गोष्ट मात्र कुणालाच ऑप्शनला टाकता येत नव्हती, ती म्हणजे पाण्याचा टँकर. त्या दिवसांत भाईंदरला राहणं म्हणजे टँकरच्या तालावर नाचणं. आमच्या गल्लीचा टँकर संध्याकाळी कधीही यायचा आणि तोंडाशी उभा राहून लांबलचक हॉर्न मारायचा. हॉर्न वाजला की सर खडू ठेवायचे, "चला, उठा," म्हणायचे आणि वर्ग रिकामा व्हायचा. माझ्या दोन कळशा क्लासच्या दाराशी पालथ्या घातलेल्याच असायच्या. एखादा थेंब कमी भरला तर घरी सासूबाई काय म्हणतील ह्याची मला विद्यापीठापेक्षा जास्त धास्ती. हरेश्वरच्या घरी विहीर होती, तरी तो उठायचा आणि माझी एक कळशी उचलायचा. सरही मागून बाहेर येऊन रांगेतली भांडणं सोडवायचे. मग अर्धा वर्ग ओल्या कपड्यांनी परत यायचा आणि लोकशाही पुढे सुरू.

श्रावणात सरांची आई गावाहून आली. तळकोकणातली साधीसुधी म्हातारी, फणसपोळीचा डबा घेऊन थेट क्लासमध्ये. सर तालुक्याच्या कसल्याशा कामाला गेले होते, म्हणून आम्ही तिच्याभोवती जमलो. म्हातारी खुशीत आली आणि मला म्हणाली, "अगो बाय, माझो बाबल्या लहानपणापासून हुशार. विद्यापीठात पयल्या पाचांत इलो होतो. पेपरात फोटो होतो त्याचो."

फणसपोळी माझ्या घशातच अडकली. कोण? पस्तीस सर? पहिल्या पाचांत? तेवढ्यात सर दारात आले. आमची तोंडं बघून त्यांना काय झालं ते कळलं असावं. हरेश्वरनं, एखाद्याला गुत्त्यातून बाहेर पडताना बघावं तशा सुरात विचारलं, "सर, तुमी... फर्स्ट क्लास? खरा काय?"

सर कानापर्यंत लाल झाले. "जुनी गोष्ट आहे ती," म्हणाले. "आये, तू चल बघू घरी." आणि म्हातारीला दंडाला धरून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्या विषयावर बोलायची कुणाची छाती झाली नाही. पण माझ्या डोक्यात मात्र किडा वळवळायला लागला.

त्याचं असं झालं होतं की मला तो विषय आवडायला लागला होता. खरंच! ज्या राज्यशास्त्रानं मला दोनदा आपटवलं, ते मी भाजी निवडता निवडता वाचायला लागले. सरांनी सोडायला सांगितलेली पानंही चोरून उलटायला लागले. आणि एवढा मोठा रँकर समोर असताना पस्तीसवर समाधान मानायचं म्हणजे काय? सप्टेंबर उजाडला तशी मी मनाशी ठरवलं आणि क्लास सुटल्यावर थांबले. दोन्हीकडची मशीनं जोरात चालू होती, म्हणून मी ओरडूनच बोलले.

"सर, मी ऑक्टोबरला बसत नाही! मार्चला बसते! सगळी प्रकरणं करून! साठ आणते!"

सरांना मी कधीही चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातातला खडू मोडला. तेही मशीनच्या वर आवाज काढून ओरडले, आणि नेमके त्याच क्षणी लाइट गेले. सगळी मशीनं एकदम गप्प. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

"वय ऑप्शनला टाकता येत नाही, मिसेस साळवी!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ताटं घासणारे दोघेजण दाराशी येऊन माझं वय बघून गेले. कोपऱ्यावरचा वाणी पुढे आठवडाभर माझ्याशी फार हळुवार बोलत होता.

सर खाली बसले, मलाही बसायला सांगितलं. मग त्या काळोख्या गाळ्यात हळू आवाजात बोलले. "आईनं सांगितलं ते खरं आहे. अठ्ठ्याहत्तर टक्के होते. लोक म्हणाले, तू मोठा साहेब होणार. मलाही पटलं. मोठी परीक्षा द्यायची, पण तयारी पुरी झाल्याशिवाय नाही. ह्या वर्षी नको, पुढच्या वर्षी, अजून थोडं वाचून. दर वर्षी कारकुनांच्या जाहिराती यायच्या, मी हसून पान उलटायचो. फर्स्ट क्लासवाल्यानं कारकुनी करायची? एके दिवशी जाहिरात नीट वाचली, तर कारकुनाचंही वय उलटून गेलेलं. साहेबाचं तर केव्हाच." त्यांनी खडूचे तुकडे मुठीत धरले होते. "आधी पस्तीस घ्या. दाराच्या आत जा. मग आयुष्यभर वाचत बसा, कोण अडवतंय? पण दाराबाहेर उभं राहून हुशार होऊ नका."

मला रडू आलं. माझ्यासाठी आलं की त्यांच्यासाठी, ते आजही सांगता यायचं नाही. मी एवढंच म्हटलं, "बसते, सर. ऑक्टोबरलाच बसते."

आणि बसले. पेपर हातात पडला आणि पहिलाच प्रश्न, 'सार्वभौमत्वाची संकल्पना स्पष्ट करा.' असा सोपा, सरळ, समोरून हात करून बोलावणारा. माझे हात शिवशिवले. चोरून वाचलेलं अर्धवट काहीतरी आठवत होतं, लिहिलं असतं तर चार पानं भरली असती. पण अर्ध्या माहितीवर चार पानं लिहिणाऱ्यांचं काय होतं ते मी दोनदा अनुभवलेलं. देवळावरून जाताना करतात तसा त्या प्रश्नाला नमस्कार केला आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

निकाल लागला. अडतीस! मी पेढे घेऊन क्लासवर धावले. सरांनी चष्मा कपाळावर चढवला, मार्कलिस्ट लांब धरली. "हं. तीन मार्कांचा आहेर केलातच शेवटी," म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकून फळ्याकडे वळले. बराच वेळ ते फळाच पुसत होते. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

अर्ज वेळेत गेला, बँकेची परीक्षा झाली, मला नोकरी लागली. ह्यांच्या कंपनीला खरोखरच टाळं लागलं तेव्हा घर माझ्या पगारावर उभं राहिलं, हे मी स्पष्ट सांगते, उगाच विनय कशाला? हरेश्वरही पदवीधर झाला आणि वाजतगाजत बोहल्यावर चढला. लग्नात सरांनी खरंच आहेर आणला नाही. जेवून गेले.

नंतर काही वर्षांनी गाळ्याच्या मालकाला जागा हवी झाली. मध्ये आम्ही होतो तिथेही आता ताटं येणार होती. सरांची आईही थकली होती, तेव्हा त्यांनी गावी जायचं ठरवलं. जिग्नेश घरी निरोप घेऊन आला, "दीदी, शुक्रवारी सरांचा शेवटचा क्लास आहे. सगळे येतायत." मी बँकेतून लवकर सुटले, घरून कळशा उचलल्या आणि गेले. क्लास भरला होता. बाप्ये, बाया, कुणाच्या कडेवर पोर. सगळे पास झालेले, कुणालाच काही शिकायची गरज नसलेले.

सर आम्हाला बघून गडबडले. "काय शिकवू तुम्हाला? तुमचं तर सगळं झालंय."

मी उठून म्हटलं, "सर, सार्वभौमत्व राहिलंय."

मग त्यांनी खडू घेतला. आणि काय सांगू तुम्हाला! शुक्रवार होता, मशीनं बंद होती, आणि तो मनुष्य असा शिकवायला लागला की आम्ही आजवर ह्याच माणसाकडे शिकलो का, असं वाटावं. टिपण नाही, मुद्दे नाहीत, मार्कांचा हिशोब नाही. "शेवटचा शब्द कुणाचा, एवढाच प्रश्न आहे," ते म्हणाले. "मिसेस साळवी, तुमच्या घरात शेवटचा शब्द कुणाचा?"

"सासूबाईंचा," मी म्हटलं. वर्ग हसला.

"आणि सासूबाई कुणापुढे उठून उभ्या राहतात?"

मी विचार केला. "टँकरपुढे."

"बरोबर! ज्याचा हुकूम सगळे सवयीनं पाळतात आणि जो स्वतः दुसऱ्या कुणाचा हुकूम पाळत नाही, तो सार्वभौम. ज्याच्या हॉर्नवर सगळे उठतात आणि जो कुणाच्याच हॉर्नवर उठत नाही तो. म्हणजे आपल्या गल्लीत कोण?"

"टँकरवाला!" अख्खा वर्ग ओरडला. हरेश्वर कपाळावर हात मारून म्हणाला, "अरे, हा तं सोपा हाय!" सर हसले. मग एकेक पदर उलगडत गेले. लोक हुकूम का पाळतात, भीतीनं की गरजेनं, आणि पाळायचा नाही असं सगळ्यांनी एकदम ठरवलं तर राजा राजा उरतो का. त्यांचे डोळे लकाकत होते. पेपरात फोटो आलेला तो मुलगा मला त्या दिवशी दिसला.

आणि गल्लीच्या तोंडाशी हॉर्न वाजला.

चांगला लांबलचक. सरांनी सवयीनं खडू खाली ठेवला. "चला, उठा."

कुणी उठलं नाही. माझ्या कळशा दाराशी पालथ्या होत्या, मला त्या दिसत होत्या, सासूबाईही डोळ्यांपुढे आल्या. हॉर्न पुन्हा वाजला. बाहेर बायकांची धावपळ, बादल्यांचा आवाज. सर कावरेबावरे झाले. "अहो, पाणी आलंय. उठा ना!"

मागच्या बाकावरून हरेश्वर म्हणाला, "सर, आज पानी ऑप्शनला."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला. खडू उचलायला दोनदा हात पुढे केला. "मग आज टँकरवाल्याचं सार्वभौमत्व संपलं म्हणायचं," कसंबसं एवढं बोलले आणि पुढे शिकवायला लागले. टँकर गेला, बाहेर सामसूम झाली, तरी शिकवत होते. शेवटी जिग्नेशनं विचारलं, "सर, पण आता हे परीक्षेत तर येणार नाय ना?"

"नाही," सर म्हणाले. "म्हणून तर शिकवलं."

मी रिकाम्या कळशा घेऊन घरी आले. सासूबाई दारातच उभ्या. घरात प्यायच्या पाण्याखेरीज थेंब नव्हता. "पाणी सोडून असं काय मिळालं गं तुला त्या मास्तराकडे?" त्यांनी विचारलं.

"छत्तिसावा मार्क, आई," मी म्हटलं, आणि तिथेच उंबऱ्यावर बसून ओक्साबोक्शी रडले. त्यांना काही कळलं नाही. पण त्या दिवशी त्यांनी शेवटचा शब्द बोलायचा सोडून दिला, आणि स्वतः कळशी घेऊन शेजाऱ्यांकडे पाणी मागायला गेल्या.